पदवी दुसऱ्या विषयाची, ओढ कायद्याची

शिक्षणाचा मार्ग जिन्यासारखा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खालची पायरी ओलांडल्यावांचून वरच्या पायरीवर पाऊल ठेवतां येत नाहीं. रसायनशास्त्रांत एम्. एस्सी. होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं बी. एस्सी. व्हावें, शस्त्रक्रियेंतील उच्च पदवी हवी असेल त्यानें आधीं एम्. बी. बी. एस्. व्हावें, हा क्रम इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्याला कोठें अपवाद असेल ही कल्पनाच पुष्कळांना चमत्कारिक वाटते. कायद्याच्या शिक्षणांत मात्र हा जिना सर्वत्र सारखा बांधलेला नाहीं. एका देशांत जी पहिली पायरी, ती दुसऱ्या देशांत दुसरी ठरते. आणि कांहीं ठिकाणीं तर पहिली पायरी टाळून थेट वरच्या मजल्यावर नेणारें एक बाजूचें दारहि ठेवलेलें असतें.

या बाजूच्या दाराची चौकशी आज अनेक सुशिक्षित घरांतून होत असते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन एखाद्या कारखान्यांत पांच वर्षें काढलेल्या मुलीला पेटंटच्या कायद्यांत काम करावेंसें वाटूं लागतें. समाजकार्याचा पदवीधर कौटुंबिक छळाचीं प्रकरणें हाताळतां हाताळतां कायद्याकडे ओढला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजारांतील स्पर्धेचे नियम खुणावूं लागतात. तिघांचाहि प्रश्न एकच असतो : आतां पुन्हां तीन वर्षें घालून एल्एल्. बी. करावी, कीं परदेशांतील एका वर्षाच्या एल्एल्. एम्. साठीं एकदम अर्ज करावा? घरांतील वडील मंडळींना दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. कारण त्यांत वर्षें वांचतात आणि हातीं येणारी पदवीहि वरच्या दर्जाची असते. परंतु वांचविलेलीं वर्षें पुढें दामदुपटीनें फेडावीं लागणार नाहींत ना, याचा हिशेब अर्ज करण्यापूर्वींच झालेला बरा.

हा हिशेब मांडतांना एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. कायद्याचें ज्ञान ही एक वस्तु आहे आणि कायद्याचा व्यवसाय करण्याचा अधिकार ही दुसरी. ज्ञान विद्यापीठ देतें. अधिकार, म्हणजे ज्याला आपल्याकडे सनद म्हणतात तो, व्यवसायाचें नियमन करणारी संस्था देते. योग्य वाटेल त्या विद्यार्थ्याला विद्यापीठ आपल्या वर्गांत बसवूं शकतें. परंतु विद्यापीठाच्या प्रवेशपत्रानें न्यायालयाचें दार उघडत नाहीं. हीं दोन दारें एकाच इमारतीचीं असल्यामुळें पाहणाऱ्याची फसगत होते, एवढेंच.

या भेदाचें सर्वांत बोलकें उदाहरण महाराष्ट्रांत वाढलेल्या एका विदुषीच्या चरित्रांत सांपडतें. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक भागांत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परीक्षेंतील त्यांचें यश असें होतें कीं, त्यांच्या जागीं पुरुष असता तर विलायतेंत शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति त्याच्या पदरांत पडली असती. स्त्री म्हणून ती त्यांना नाकारण्यांत आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाहि वांटा होता. आणि १८८९ सालीं सोराबजी ऑक्सफर्ड येथील सोमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या. त्यांच्यापाशीं कायद्याची पदवी नव्हती. तरीहि बेलियल कॉलेजचे मास्टर बेंजामिन जोवेट यांच्या पाठिंब्यानें त्यांनीं बी. सी. एल्. हा अभ्यासक्रम पत्करला. या पदवीच्या नांवांत ‘बॅचलर’ हा शब्द असला तरी दर्जानें ती पदव्युत्तर आहे. १८९२ सालीं खास परवानगी मिळून त्या परीक्षेस बसल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाहीं. कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांना पदव्या देत नसे. हिंदुस्थानांत परतल्यावर या परीक्षेच्या बळावर वकिली करतां येईना. म्हणून १८९७ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या एल्एल्. बी. परीक्षेस बसल्या, आणि १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाच्या वकिलीच्या परीक्षेस. वरची परीक्षा आधीं आणि खालची मागाहून, असा हा उलटा प्रवास होता. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें त्यांनीं पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचें काम पाहिलें. पण न्यायालयांत उभें राहण्याचा पूर्ण अधिकार त्यांना नव्हता. ऑक्सफर्डनें १९२० सालीं स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला, तेव्हां १९२२ सालीं सोराबजींनीं आपली पदवी जाऊन घेतली. आणि १९२३ सालीं त्या बॅरिस्टर झाल्या. ऑक्सफर्डची परीक्षा आणि बॅरिस्टरी यांच्यामध्यें अशीं एकतीस वर्षें गेलीं. यांतील पुष्कळसा विलंब स्त्रियांविषयींच्या पक्षपातामुळें झाला, हें उघड आहे, आणि तो पक्षपात कायद्यानें दूर झाला. परंतु विद्यापीठाची परीक्षा म्हणजे सनद नव्हे, हा नियम त्या पक्षपाताबरोबर नाहींसा झाला नाहीं. तो आजहि तसाच आहे, आणि स्त्री-पुरुष दोघांनाहि सारखाच लागू आहे.

याच्या उलट प्रकारहि त्या काळीं घडत असे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या जुन्या संस्था. तेथें नांव नोंदवावें, ठरलेलीं सत्रें भरावीं, तेथील परीक्षा द्याव्या, म्हणजे विद्यापीठाची कायद्याची पदवी नसतांहि बॅरिस्टर होतां येत असे. जवाहरलाल नेहरू यांची केंब्रिजची पदवी निसर्गविज्ञानांतील होती. ते १९१२ सालीं बॅरिस्टर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं कोलंबिया आणि लंडन येथें मुख्यतः अर्थशास्त्राचें अध्ययन केलें, एल्एल्. बी. त्यांनीं केली नव्हती. ग्रेज इन या संस्थेंतून ते १९२२ सालीं बॅरिस्टर झाले, आणि १९३५ सालीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढें कोलंबिया विद्यापीठानें १९५२ सालीं त्यांना एल्एल्. डी. दिली, ती सन्मानार्थ होती. भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनीं कायद्याची पदवी अशी विद्यापीठाच्या परीक्षेला बसून मिळविलीच नव्हती. सोराबजींपाशीं विद्यापीठाची परीक्षा होती, सनद नव्हती. या बॅरिस्टरांपाशीं सनद होती, विद्यापीठाची कायद्याची पदवी नव्हती. दोन्ही दारें किती निराळीं आहेत, हें यावरून दिसून येईल.

इंग्लंडांत आजहि ही परंपरा बऱ्याच अंशीं टिकून आहे. तेथें कायदा हा शाळेनंतर लगेच शिकावयाचा विषय आहे. परंतु ज्यानें तो त्या वयांत घेतला नाहीं त्याच्यासाठीं व्यवसायाची वाट बंद केलेली नाहीं. सॉलिसिटर होण्यासाठीं १ सप्टेंबर २०२१ पासून नवी पद्धति सुरू झाली. कोणत्याहि विषयाची पदवी किंवा तत्सम पात्रता, ‘सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन’ ही दोन भागांची परीक्षा, दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी, इतक्या अटी पुऱ्या केल्या म्हणजे झालें. बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्या इतर विषयांच्या पदवीधराला एक रूपांतर-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यांत करार, अपकृत्यें, फौजदारी कायदा, राज्यघटना व प्रशासन, स्थावर मिळकत, न्यास इत्यादि पायाभूत विषय साधारणतः एका वर्षांत शिकविले जातात. नंतर बारचें शिक्षण आणि अनुभवी बॅरिस्टराच्या हाताखालची उमेदवारी. हा मार्ग दुय्यम समजला जात नाहीं. जोनाथन सम्प्शन हे मूळचे इतिहासाचे पदवीधर आणि इतिहासाचेच अध्यापक. २०१२ ते २०१८ या काळांत ते ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या साऱ्या वाटेवर नेहमीची एल्एल्. एम्. कोठेंच लागत नाहीं. ती केल्यानें कोणी सॉलिसिटर होत नाहीं, आणि न केल्यानें कोणाचें अडत नाहीं. कांहीं संस्था रूपांतराचा अभ्यासक्रमच मास्टरच्या पदवीला जोडून देतात. तेव्हां नुसत्या नांवावर जाऊं नये, आंत काय शिकविलें जातें तें पाहावें. उलटपक्षीं, जेथें विद्येचा दर्जा मुख्य आहे तेथें दार अधिक चिंचोळें झालें आहे. ऑक्सफर्डच्या ज्या बी. सी. एल्. मध्यें सोराबजींना कायद्याच्या पदवीवांचून प्रवेश मिळाला, ती आज कायद्याच्या पदवीधरांसाठींच आहे. इतर विषयांच्या पदवीधरासाठीं त्याच विद्यापीठांत दोन वर्षांत पुरी होणारी कायद्याची पहिली पदवी आहे. दुसरीं कांहीं विद्यापीठें एकाच ज्ञानक्षेत्राला दोन दारें ठेवतात. एसेक्स विद्यापीठांत मानवी हक्कांचें अध्ययन एल्एल्. एम्. म्हणून करतां येतें, तसेंच एम्. ए. म्हणूनहि. समाजकार्याच्या पदवीधराला अनेकदां दुसरें दारच अधिक उपयोगी पडतें; कारण त्याला हक्कांच्या क्षेत्रांत काम करावयाचें असतें, वकीलपत्र दाखल करावयाचें नसतें.

अमेरिकेंत तर जिन्याची मांडणीच वेगळी आहे. तेथें कायद्याची पहिली पदवी हीच पदवीनंतरची पदवी होय. पूर्वीं तिला एल्एल्. बी. म्हणत. शिकागो विद्यापीठानें १९०२ सालीं स्थापन केलेल्या आपल्या लॉ स्कूलमध्यें जे. डी. हें नांव स्वीकारलें, आणि हळूहळू इतरांनीं त्याचें अनुकरण केलें. येल विद्यापीठानें तें १९७१ सालीं स्वीकारलें. संगीत, गणित, इतिहास, कोणत्याहि विषयाचा पदवीधर या तीन वर्षांच्या जे. डी. साठीं अर्ज करूं शकतो. त्यासाठीं घेतली जाणारी एल्सॅट ही परीक्षा १९४८ पासून चालत आलेली आहे, आणि तींत कायद्याचें ज्ञान तपासत नाहींत. वाचन आणि तर्क तपासतात. एल्एल्. एम्. ही तेथें मुख्यतः आधींच कायदा शिकून आलेल्यांची पदवी. ज्यांना वकील व्हावयाचें नाहीं, पण आपल्या कामासाठीं कायदा समजून घ्यावयाचा आहे, अशांसाठीं कांहीं विद्यापीठांनीं वर्षभराचे स्वतंत्र अभ्यासक्रम काढले आहेत. येलचा ‘मास्टर ऑफ स्टडीज इन लॉ’ हा त्यांतलाच. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकार लिंडा ग्रीनहाउस यांनीं तो १९७८ सालीं पुरा केला, नंतर अनेक वर्षें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचें वृत्त दिलें, आणि त्या कामाबद्दल १९९८ सालीं त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांना वकील व्हावयाचें नव्हतें. जें हवें होतें तें एका वर्षानें दिलें.

याच संदर्भांत एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘अमेरिकेंत एल्एल्. एम्. केली कीं न्यूयॉर्कची बार परीक्षा देतां येते’, असें आपल्याकडे सर्रास सांगितलें जातें. त्यांतलें अर्धें वाक्य गाळलेलें असतें. परदेशांत शिकलेल्या ज्या उमेदवारांना ही सवलत मिळते, त्यांच्यापाशीं आपल्या देशांतील कायद्याची पहिली पदवी असावी लागते. ती नसेल तर एल्एल्. एम्. चें प्रमाणपत्र कितीहि नामांकित विद्यापीठाचें असलें तरी त्या परीक्षेचें दार उघडत नाहीं. हें गाळलेलें वाक्य कर्ज काढून परदेशीं गेल्यावर कळलें, तर त्याची किंमत सबंध कुटुंबाला मोजावी लागते.

आतां भारताकडे वळूं. आपल्याकडे कायद्याची पदवी परंपरेनें दुसरीच पदवी होती. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १८६४ सालीं एम्. ए. झाले आणि १८६६ सालीं एल्एल्. बी. झाले. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत आणि पुण्याच्या १९२४ सालीं स्थापन झालेल्या आय. एल्. एस्. लॉ कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या इतर विषयांचेच पदवीधर येऊन वकील झाले. बारावीनंतरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम ही त्या मानानें अलीकडची रीत. बंगळूरच्या १९८७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल लॉ स्कूलमुळें तिला प्रतिष्ठा आली. तथापि त्याच संस्थेनें २०२२ पासून इतर विषयांच्या पदवीधरांसाठीं तीन वर्षांचा एल्एल्. बी. अभ्यासक्रम सुरू केला. जुनी वाट मोडली नाहीं, उलट तिच्यावर पुन्हां वर्दळ वाढली. महाराष्ट्रांत या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि खुल्या प्रवर्गांतील उमेदवाराला आधींच्या पदवीस किमान ४५ टक्के गुण असावे लागतात.

भारतांतील एल्एल्. एम्. चें दार मात्र एल्एल्. बी. वांचून उघडत नाहीं. बार कौन्सिल ऑफ इंडियानें २०२० सालीं केलेल्या आणि २०२१ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या नियमांत ही गोष्ट अधिकच स्पष्ट केली आहे. ज्या पदवीच्या प्रवेशासाठीं एल्एल्. बी. लागत नाहीं, तिला एल्एल्. एम्. हें नांव देऊं नये, आणि एल्एल्. बी. न करतां परदेशांत मिळविलेली एल्एल्. एम्. भारतीय एल्एल्. एम्. च्या बरोबरीची धरूं नये, असें ते नियम सांगतात. या नियमावलीला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें, आणि एका वर्षाच्या एल्एल्. एम्. विषयींच्या भागाची अंमलबजावणी त्या वर्षीं पुढें ढकलण्यांत आली. यास्तव अर्ज करणाऱ्यानें त्या त्या वर्षींची स्थिति पाहून घेणें इष्ट. परंतु १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणें सनदेसाठीं कायद्याची मान्य पदवी लागते, आणि २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षाहि उत्तीर्ण व्हावी लागते, याविषयीं कसलाहि संदेह नाहीं. ज्याला भारतांतील न्यायालयांत उभें राहावयाचें आहे, त्याच्यासाठीं परदेशांतील एका वर्षाची एल्एल्. एम्. हा जवळचा रस्ता नव्हे. ती रस्ता सोडून घेतलेली वाट आहे. कायद्याच्या महाविद्यालयांत अध्यापक होऊं इच्छिणाऱ्याचीहि तीच गोष्ट.

मग एल्एल्. बी. वांचून कायद्याचें पदव्युत्तर शिक्षण घेण्यांत अर्थच नाहीं काय? अर्थ आहे, आणि पुष्कळ आहे. पण तो कोणासाठीं, हें ठरलें पाहिजे. मघाशीं उल्लेखिलेल्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर मुलीचेंच उदाहरण घ्यावें. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें पेटंट एजंट होण्यासाठीं एल्एल्. बी. लागतच नाहीं, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी आणि सरकारी परीक्षा लागते. तिची आधींची पदवी ही येथें उणीव नसून पात्रता आहे. तिनें नवी दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटसारख्या, १९५६ पासून चालत आलेल्या संस्थेची बौद्धिक संपदेंतील पदविका घेतली तर तिचें काम भागेल. तिला वकीलहि व्हावयाचें असेल तर खरगपूरच्या आय. आय. टी. मध्यें विज्ञान-अभियांत्रिकीची पार्श्वभूमि असलेल्यांसाठीं बौद्धिक संपदेवर भर देणारा तीन वर्षांचा एल्एल्. बी. अभ्यासक्रम आहे. आणि तिला धोरणांचा अभ्यास करावयाचा असेल, एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेंत काम करावयाचें असेल, तर परदेशांतील ज्या एल्एल्. एम्. ला इतर विषयांचे पदवीधर चालतात, ती तिच्यासाठीं योग्य ठरेल. एकाच मुलीला तीन उत्तरें मिळालीं, तीं तिच्या पदवीमुळें नव्हेत, तिच्या हेतूमुळें.

हेतु असा निश्चित झाला कीं अर्जाचें काम निम्में झालें. उरलेल्या निम्म्यांत पहिली गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या अटींचें वाचन. ‘कायद्याची पदवी आवश्यक’ आणि ‘कायद्याची किंवा संबंधित विषयाची पदवी’ हीं दोन वाक्यें एकसारखीं नाहींत. दुसऱ्या वाक्यांतील ‘संबंधित’ या शब्दांत अर्जदाराची जागा आहे. पण ती जागा आपली आहे, हें त्यानें दाखवावें लागतें. वाणिज्य शाखेच्या पदवींत व्यापारी कायदा असतो, राज्यशास्त्रांत राज्यघटना असते, कंपनी सेक्रेटरीच्या अभ्यासांत कंपनी कायदा असतो. गुणपत्रकांत दडून बसलेल्या अशा विषयांची नांवें, तास आणि गुण यांसह वेगळी यादी करून जोडावी. जेथें अट संदिग्ध असेल तेथें विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावें, आणि उत्तरहि लेखीच घ्यावें. दलालाच्या तोंडी आश्वासनावर शुल्क भरूं नये.

दुसरी गोष्ट, अर्जासोबतचें निवेदन. लहानपणापासून न्यायाची आवड होती, अन्याय पाहून मन पेटून उठतें, असलीं वाक्यें परीक्षकांनीं हजारदां वाचलेलीं असतात. ज्यानें कायद्याची पदवी घेतलेली नाहीं त्याच्याविषयीं परीक्षकाच्या मनांत शंका एकच असते : हा कायद्याच्या पद्धतीनें विचार करूं शकेल काय? त्या शंकेला उत्तर द्यावें तें भावनेनें नव्हे, प्रश्नानें. सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाला पेटंट नाकारलें. पेटंट कायद्याच्या कलम ३ (डी) मध्यें ‘गुणकारिता’ असा शब्द आहे; जुन्या पदार्थाचें नवें रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज त्याला पेटंट नाहीं. न्यायालयानें सांगितलें कीं, औषधाच्या बाबतींत गुणकारिता म्हणजे रोग निवारण्याची शक्ति. शरीरांत औषध अधिक प्रमाणांत शोषलें जातें एवढेंच दाखविणें पुरेसें नाहीं. त्यामुळें रोगावरील परिणाम वाढतो, हें पुराव्यानें सिद्ध झालें पाहिजे. औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर हा निकाल वाचील तेव्हां तिच्या मनांत सहज प्रश्न उभा राहील कीं, हा परिणाम कोणत्या प्रयोगानें मोजावयाचा आणि पुरावा कोणाच्या समाधानाइतका असावा. हा प्रश्न एखाद्या कायद्याच्या पदवीधराला तितक्या नेमकेपणानें सुचेलच असें नाहीं. तो निवेदनांत मांडला म्हणजे तिची आधींची पदवी आडवी न येतां वकिली करूं लागते.

तिसरी गोष्ट, शिफारसपत्र. मोठ्या हुद्द्यावरील आप्ताच्या चार गोड ओळींपेक्षां, जिनें अर्जदाराचें लेखन प्रत्यक्ष तपासलें आहे, त्याच्या वाचनाची चिकाटी पाहिली आहे, अशा व्यक्तीचें साधें पत्र अधिक मोलाचें. शक्य तर एक पत्र कायदा जाणणाऱ्याचें असावें. समाजकार्याच्या पदवीधरानें ज्या वकिलाबरोबर प्रकरणें तयार केलीं असतील, त्या वकिलाच्या शब्दाला वजन असतें.

चौथी गोष्ट, पूर्वतयारी. ती प्रवेशासाठीं लागते त्याहून अधिक प्रवेशानंतर लागते. एल्एल्. एम्. चे अध्यापक असें धरून चालतात कीं, समोरच्याला न्यायनिर्णय वाचतां येतो. निकालाचा आधारभूत नियम कोणता आणि जातां जातां केलेली टिप्पणी कोणती, हें तो वेगळें करूं शकतो. वरच्या न्यायालयाचा निर्णय खालच्यावर केव्हां बंधनकारक होतो, हें त्याला ठाऊक आहे. एल्एल्. बी. झालेल्यानें हें तीन वर्षांत आत्मसात् केलेलें असतें. इतराला तें तीन महिन्यांत करावें लागतें. म्हणून ज्या विद्यापीठांत इतर विषयांच्या पदवीधरांसाठीं सुरुवातीचा पद्धतिविषयक वर्ग असतो, तें पसंत करावें. घरीं बसून करतां येण्यासारखा अभ्यास म्हणजे राज्यघटनेचा मूलभूत हक्कांचा भाग, कराराच्या कायद्यावरील एखादें प्राथमिक पुस्तक, आणि मूळांतून वाचलेले दहा-बारा निकाल. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल कोणालाहि मोफत वाचतां येतात. अडचण असते ती वेळेची आणि चिकाटीची. आणि या वाचनाचा दुहेरी लाभ आहे. दहावा निकाल वाचतांनाहि ज्याचें मन रमतें, त्यानें पुढें जावें. तिसऱ्याच निकालाला जांभई आली, तर लाखों रुपये आणि एक वर्ष खर्चण्याआधींच उत्तर मिळालें म्हणावयाचें.

घरच्या वडील मंडळींचाहि या निर्णयांत वांटा असतो, आणि तो केवळ पैशाचा नसतो. मुलीनें अगर मुलानें क्षेत्र बदलण्याची भाषा काढली कीं, ‘एवढें शिकलास तें फुकट गेलें’ असा उद्गार सहज निघतो. कायद्याच्या बाबतींत तरी हा उद्गार खरा नाहीं. औषध, इमारत, कर्ज, विमा, जमीन, शाळा, यंत्र असा आयुष्याचा कोणताहि व्यवहार घेतला तरी त्याचा तंटा शेवटीं न्यायालयांत जातो, आणि तेथें त्या व्यवहाराची आंतून माहिती असलेला माणूस हवा असतो. इतर विषयाची पदवी कायद्याच्या अभ्यासांत अशी उपयोगी पडतेच. वडिलांनीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : या पदवीनें कोणतें काम करण्याचा अधिकार मिळतो, आणि तो अधिकार कोणत्या देशांत चालतो? या प्रश्नाचें उत्तर ज्या मुलाला कागदावर दोन ओळींत लिहून देतां येतें, त्याच्या अर्जावर सही करण्यास हरकत नाहीं. ज्याला तें देतां येत नाहीं त्याला रागावूं नये. आणखी सहा महिने वाचावयास सांगावें. प्रवेशाचे अर्ज दरवर्षीं निघतात.